सोळा आण्यांची खिडकी, आठ आण्यांचा वारा

नवा फ्लॅट बघायला गेलेलं मराठी कुटुंब नळ सोडून बघतं, फ्लश ओढून बघतं, टाइल पोकळ तर नाही ना हे बोटाच्या पेराने वाजवून बघतं. खिडकीपाशी पोचलं की मात्र सगळे बाहेर बघतात, खिडकीकडे कोणीच बघत नाही. डोंगर दिसला तर वाहवा, समोरचा टॉवर दिसला तर दोन लाख कमी करून मागायचे, आणि पुढची खोली. खिडकी ही बंद असताना पसंत केली जाणारी आणि उघडायला गेल्यावर कळणारी वस्तू आहे. माझं म्हणणं एवढंच की काचेचा रंग, चौकटीचा रंग, बाहेरून दिसणारा रुबाब हे सगळं मागाहून बघावं. आधी विचारायचं की ही उघडते किती, आणि उघडली तर उघडी ठेवता येते का. या दोन प्रश्नांवर परीक्षा घेतली तर आपल्या शहरांतली सगळ्यात लोकप्रिय, ॲल्युमिनियमची सरकती खिडकी काठावरसुद्धा पास होत नाही. आणि रिनोव्हेशनच्या पहिल्याच दिवशी जी भंगारवाल्याला दिली जाते, ती दारांची लाकडी खिडकी वर्गात पहिली येते.

आधी हिशेब. खोलीला किती उघडी जागा हवी याचं प्रमाण नॅशनल बिल्डिंग कोडने हवामान बघून ठरवून दिलं आहे. दमट-उष्ण प्रदेशात खोलीच्या क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश, कोरड्या-उष्ण प्रदेशात एक दशांश, थंड प्रदेशात एक द्वादशांश. ठाण्यातली १० बाय १२ची बेडरूम घेतली तर १२० चौरस फुटांना २० चौरस फुटांची, म्हणजे ५ बाय ४ची खिडकी हवी. बिल्डर ती देतोही, आणि कागदोपत्री सगळं चोख असतं. फक्त ती सरकती असते. दोन पल्ल्यांच्या सरकत्या खिडकीत एक पल्ला दुसऱ्याच्या मागे गेल्याशिवाय काही उघडत नाही, त्यामुळे कितीही जोर लावा, निम्मी खिडकी कायमची बंद. वीसाचे दहा उरले. एकशेवीसाला दहा म्हणजे बरोबर एक द्वादशांश. ठाण्याच्या खोलीला सिमल्याची खिडकी मिळाली, थंडी तेवढी मिळाली नाही. बरं, या दहा फुटांतूनही चौकटीची जाडी वजा करायची. मग उघड्या अर्ध्यावर डासांची जाळी ओढायची, आणि जाळी वाऱ्यालाही थोडाफार डासच समजते. तीन ट्रॅकवर तीन काचेचे पल्ले बसवले तर दोन तृतीयांश खिडकी उघडते हे खरं, पण तिसरा ट्रॅक आपण जाळीला देऊन बसलेलो असतो. पैसे मात्र फॅब्रिकेटर वीस फुटांचेच लावतो. न उघडणाऱ्या दहा फुटांबद्दल घासाघीस करणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे.

मग ही खिडकी जिंकली कशी? तर ती कोणाच्या वाटेला जात नाही म्हणून. उघडताना ती बाहेर झेपावत नाही की आत घुसत नाही. बाहेर ग्रिल, आत पडदा, पडद्याला चिकटून पलंग, पलंगाला चिकटून कपाट अशी जिथे एकेका इंचाची वाटणी झालेली असते, तिथे जागच्या जागी सरकणारी वस्तू कोणालाही आवडणार. बिल्डरला ती आवडते कारण चारशे फ्लॅटना एकाच मापाच्या पट्ट्या कापून लावता येतात आणि सुतार नावाच्या माणसाची वाट बघत बसावं लागत नाही. फॅब्रिकेटरला आवडते कारण रोलर झिजले की त्याला पुन्हा बोलावतात. म्हणजे या खिडकीचे फायदे खरेच आहेत. ते वारा सोडून इतर सगळ्यांना मिळतात, एवढंच.

आता पाऊस. सरकत्या खिडकीचे कैवारी इथे हमखास बाह्या सरसावतात. लाकडी खिडकी पावसात फुगते, हिला काही होत नाही, असं त्यांचं म्हणणं. हिला काही होत नाही हे मान्य. जे होतं ते खोलीला होतं. सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक एकदा वाकून, चष्मा लावून बघण्यासारखा असतो. तीन अरुंद पन्हळी, त्यांत काळपट चिखल, मेलेले डास, कबुतराचं एखादं पीस, केसांची पिन, गेल्या दिवाळीतल्या कंदिलाच्या दोऱ्याचा तुकडा, आणि या सगळ्यावरून करकरत जाणारं प्लॅस्टिकचं चाक. हा ऐवज काढायला जुना टूथब्रश लागतो आणि तो नेमका कोपऱ्यात पोचत नाही. साचलेलं पाणी बाहेर जावं म्हणून ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला बारीक भोकं ठेवायची असतात. काही ठिकाणी ती ठेवलेलीच नसतात, काही ठिकाणी रंगारी पुट्टीने बुजवतो, आणि जी वाचतात ती वरचा ऐवज बुजवतो. मग जुलैत नैर्ऋत्येकडून आडवा पाऊस लागला की पन्हळ काठोकाठ भरते, आणि बाहेरून वारा रेटत असल्यामुळे पाणी बाहेर न जाता आत, गादीवर उतरतं. यावर घरोघरी एकच इलाज चालतो. जुन्या बनियनची वळकटी करून ती ट्रॅकमध्ये ठासायची. त्यानंतर गणपतीपर्यंत ती खिडकी उघडत नाही, कारण तिच्यात बनियन असतं.

मुळात पाऊस अडवणं हे खिडकीचं काम नव्हेच, ते छज्ज्याचं. कोकणातल्या घराची पाखं इतकी खाली उतरलेली असतात की पागोळ्या खिडकीपासून हातभर लांब पडतात, आणि ऐन धारेतही खिडकी उघडी ठेवून पाऊस बघता येतो. मुंबईतही हे शहाणपण होतं. मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींच्या खिडक्यांवर जे लांबलचक छज्जे दिसतात, त्यांना वास्तुविशारद भुवयाच म्हणतात. भुवई घाम अडवते तसा हा छज्जा पाऊस आणि दुपारचं ऊन दोन्ही अडवतो. २०१८ साली युनेस्कोने या इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान दिला. तो मान मिळाला आणि नव्या इमारतींनी भुवया भादरून टाकल्या, असा योग. एलिव्हेशन गुळगुळीत हवं. ते गुळगुळीत असलं की वरच्या बाविसाव्या मजल्यापासून भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी दर मजल्यावरच्या ट्रॅकची विचारपूस करत खाली येतं.

दारांच्या खिडकीची वकिली करताना तिचे अवगुण लपवून चालणार नाही. लाकूड आषाढात फुगतं, मग लाथ मारल्याशिवाय खिडकी उघडत नाही. सुताराला बोलावून रंधा मारला की एप्रिलमध्ये त्याच फटीतून शेजारचं पूर्ण संभाषण आत येतं. आकडा लावायचा राहिला तर वाऱ्याने दार आपटतं आणि तावदान जातं, आणि तावदान बसवणारा माणूस हल्ली सहजी मिळत नाही. सगळ्यात मोठी अडचण ग्रिलची. चौकटीत ग्रिल आणि दारं बाहेरच्या बाजूला उघडणारी, अशी रचना असली की वादळी पावसात खिडकी लावून घेणं हा एक स्वतंत्र व्यायाम होतो. ग्रिलच्या नक्षीतून हात कोपरापर्यंत बाहेर जातो, बांगड्या किंवा घड्याळ अडकतं, बोटं दाराच्या मुठीपासून दोन इंच अलीकडे थांबतात, आणि तोंडावर पावसाचा मारा चालू असताना आतून कोणीतरी शांतपणे सांगतं की आधीच लावायला हवी होती. शेवटी लाटणं मागवलं जातं.

पण या सगळ्याला उत्तरं आहेत, आणि ती जुनीच आहेत. लाकूड फुगतं हा आक्षेप सागवानापेक्षा कच्च्या लाकडाला जास्त लागू पडतो, आणि तेवढाही नको असेल तर तीच दारांची खिडकी ॲल्युमिनियमची किंवा यूपीव्हीसीचीही मिळते, आपण मागत नाही म्हणून फॅब्रिकेटर दाखवत नाही. आपटण्यावर आकडा आहे, घर्षणाने हवी तिथे थांबणारी बिजागरी आहे. ग्रिलचं उत्तर कोकणातल्या घरांनी कधीच दिलंय. गज बाहेरच्या बाजूला चौकटीत, दारं आत उघडणारी. इथे मात्र खरा आक्षेप पुढे येतो, जो कोणी तोंडाने बोलत नाही. दारं आत उघडायची तर खिडकीचा कट्टा रिकामा हवा. मराठी घरात आडवा पृष्ठभाग रिकामा ठेवणं हे लक्ष्मीला नाराज करण्यासारखं आहे. त्या कट्ट्यावर मनी प्लांट असतो, मोबाइलचा चार्जर असतो, गुडघ्यावर लावायचं मलम असतं, लाइटचं बिल असतं आणि कशाचा तरी स्क्रू असतो जो कशाचा आहे हे कळेपर्यंत टाकायचा नसतो. सरकत्या खिडकीची निवड ही पुष्कळदा या कट्ट्याची निवड असते.

जुन्या खिडकीची खरी करामत दोन दारांत नव्हती, चार दारांत होती. खाली दोन, वर दोन. खालची लावून घ्यायची आणि वरची उघडी टाकायची. वारा येतो, उजेड येतो, शेजारी येत नाहीत. समोरासमोरच्या चाळींत शेजाऱ्यांचं बटाटे सोलणंसुद्धा दिसत असे, तिथे हा शोध लहान नव्हता. आज आपण तेच काम आरशासारखी फिल्म लावून करायला जातो. दिवसा ती छान चालते, कारण बाहेर उजेड जास्त असतो. रात्री आत दिवे लागले की फिल्म पक्ष बदलते. आपल्याला काचेत स्वतःचं पोट दिसतं आणि समोरच्या बिल्डिंगला अख्खं घर. गोव्यातल्या जुन्या घरांनी हाच प्रश्न काच नसतानाच्या काळात सोडवला होता. खाडीत मिळणाऱ्या एका चपट्या शिंपल्याची पातळ कवचं चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत ओळीने बसवायची. उजेड दुधाळ होऊन आत येतो, डोळ्यांवर तिरीप नाही आणि बाहेरून काही दिसत नाही. प्लाकुना प्लासेंटा असं भारदस्त नाव असलेला तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली आल्यामुळे नव्या घरासाठी शिंपले गोळा करायला निघू नये. चार दारांच्या खिडकीला अजून कोणत्याही कायद्याने हात लावलेला नाही.

काचेच्या आडव्या पट्ट्यांच्या लुव्हर खिडकीचा इथे वेगळा उल्लेख करायला हवा, कारण गुणवत्ता आणि प्रतिष्ठा यांचा काही संबंध नसतो याचा तिच्याइतका चांगला पुरावा नाही. ती जवळजवळ पूर्ण उघडते, पट्ट्या तिरप्या ठेवल्या तर पावसातही वारा घेते, जागा खात नाही. या गुणांबद्दल आपण तिला संडासात नेमलं. दिवाणखान्यात ती लावली तर पाहुणे चपला काढून आत आल्यावर ‘बेसिन कुठे आहे’ असं विचारतील ही भीती. तिच्याविरुद्धचे खरे आक्षेप दोन. पट्ट्या बाहेरून एकेक करून उपसता येतात, म्हणजे चोराची सोय; आणि धूळ प्रत्येक पट्टीवर दोन्ही बाजूंनी बसते, म्हणजे घरातल्या बाईची गैरसोय. पहिला आक्षेप पोलिसांकडे नोंदवता येतो.

फ्रेंच विंडोवर फार वेळ घालवायला नको. फ्रेंच विंडो म्हणजे जमिनीपासून छतापर्यंत काच. ब्रोशरमधली बाई तिच्यापाशी कॉफी पिते, आणि ती पश्चिमेला असली तर प्रत्यक्षात तिथे पापड वाळतात. साध्या काचेतून उन्हाची उष्णता बहुतेक सगळी आत येते आणि आल्यावर जायचं नाव घेत नाही. मुंबईत समुद्र, वारा, सूर्यास्त आणि पाऊस हे चौघेही पश्चिमेलाच राहतात, हा पेच चार्ल्स कोरियांनी कंबाला हिलवरच्या, १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत हाताळला. काच आत ओढली आणि तिच्यापुढे दोन मजली उंचीची, व्हरांड्यासारखी खोल गच्ची ठेवली. तेवढी जागा कोणाकडे आहे, हा आक्षेप रास्त आहे. पण आपल्याकडे जी असते तीही आपण ठेवत नाही. एफएसआयमध्ये न मोजलेला फ्लॉवर बेड ताब्यात आला की पहिल्या महिन्यात मधली भिंत फोडून तो खोलीत घेतला जात असे. शेवटी २०१२ साली मुंबईच्या बांधकाम नियमांनी असली जागाच हिशेबात धरली. इंग्लंडमध्ये १६९६पासून १८५१पर्यंत खिडक्यांवर कर होता आणि तो चुकवायला लोक खिडक्या विटांनी बुजवत. आपण बाल्कन्या कर नसताना बुजवल्या. हौसेला मोल नसतं.

आता सगळ्यात जड आक्षेप. खिडकी उघडायची कशाला? रस्त्याचा आवाज, धूळ, डास, आणि घरात एसी. हे खोटं नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, हे वाक्य रस्त्याकडेच्या घरात मोठ्याने वाचावं लागतं, नाहीतर ऐकू येत नाही. पण या युक्तिवादाने सरकती खिडकी वाचत नाही, उलट बुडते. सरकणाऱ्या पल्ल्याला सरकायला फट लागते, आणि त्या फटीत ब्रशासारखी लव लावलेली असते. तिच्यातून धूळ, आवाज आणि एसीची गारठलेली हवा आपापल्या दिशेने ये-जा करतात. दारांची खिडकी लावून घेतली की दार रबराच्या पट्टीवर घट्ट दाबलं जातं. म्हणजे खिडकी बंदच ठेवायची असेल तरी उघडणारी खिडकीच बरी. आणि खरोखर कधीच उघडायची नसेल, तर पक्की काच बसवावी. स्वस्त पडते, रोलर नाही, बनियन नाही. पण तशी मागणी कोणी करत नाही, कारण मिरचीची फोडणी बसली की घरातला झाडून प्रत्येक माणूस खिडकीकडे धावतो, आणि उन्हाळ्यात दुपारी दोनला वीज गेली की एसीवरची श्रद्धा पाच मिनिटांत उडते.

एक गोष्ट मात्र माझ्या बाजूच्या लोकांनाही ऐकावी लागेल. अख्खी खिडकी उघडली आणि वारा आला नाही, असं होतं, आणि त्यात खिडकीचा दोष नसतो. वाऱ्याला आत यायला एक वाट लागते तशी जायला दुसरी लागते. चाळीच्या खोलीत मागे खिडकी आणि पुढे गॅलरीकडे उघडं दार असे, वाड्यात मधला चौक असे, आणि बंद दाराच्याही डोक्यावर झडपेचा झरोका असे. आजच्या बेडरूमला एकाच भिंतीत खिडकी, समोरचं दार प्रायव्हसीसाठी बंद आणि वरचा झरोका फॉल्स सीलिंगने खाल्लेला. अशा खोलीच्या खिडकीशी आलेला वारा डोकावतो, आत काही सोय नाही असं बघतो आणि पुढच्या घरी जातो. तेव्हा खिडकीवर खर्च करण्याआधी दारावरचा झरोका उघडावा. तो पैशातही स्वस्त पडतो.

राहता राहिलं चोर आणि लहान मूल, ज्यांच्यासाठी ग्रिल. ग्रिल हवंच, फक्त त्याचा एक भाग आतून किल्लीने उघडणारा हवा, कारण आग लागल्यावर बाहेर पडायची तीच वाट असते आणि अग्निशमन दलाचे जवान पक्क्या ग्रिलपुढे थांबून ते कापत बसतात. आपण बसवतो ती बाहेर झुकलेली पेटी. दीड फूट बाहेर, आणि तिच्यात तुळस, बादली, रिकामा सिलिंडर, मुलाची तीनचाकी आणि कबुतराची दोन अंडी. खिडकी मग या कोठीघराचं दार होते, आणि कोठीघराला सरकतं दार सोयीचं हे मीही कबूल करतो.

एवढं सगळं पटून कोणी चार दारांची, आत उघडणारी, वर छज्जा असलेली खिडकी करून घ्यायची ठरवली, तरी शेवटी सोसायटीची कमिटी असते. खिडक्या बदलल्या तर बिल्डिंगचं एलिव्हेशन बिघडतं, असं सेक्रेटरी सांगतील. हे सांगताना त्यांच्या मागे त्याच बिल्डिंगवर निळी, पांढरी, गंजकी, अशी एकाही मापाला दुसरं माप न जुळणारी पेट्यांची रांग दिसत असेल, आणि एका पेटीवर निवडणुकीचा जुना फ्लेक्स पत्र्यासारखा ताणलेला असेल. त्याबद्दल विचारलं तर उत्तर मिळेल की ते आधीपासूनचं आहे. अर्ज मात्र घेतील, पोच देतील, आणि पुढच्या एजीएमला विषयपत्रिकेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदरात, पार्किंगच्या खाली ठेवतील.